धडधड थांबली तरी गोळी थांबत नाही

तीन बोटं मनगटावर ठेवली की बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात कळतं. दोन ठोके लगोलग येतात, मग लांब खंड पडतो, मग एक ठोका जोरात लागतो आणि त्यामागचा इतका क्षीण असतो की बोटाला लागला की नाही अशी शंका यावी. अधूनमधून ठोका चुकणं वेगळं. तिथे मूळ ताल शाबूत असतो, मधेच एखादा ठोका वेळेआधी येऊन पडतो आणि पुन्हा ताल सुरू होतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एएफमध्ये, तालच नसतो. नाडी बघताना पायाने ठेका धरून पाहावा. तो धरताच येत नसेल, तर ईसीजी निघेपर्यंत एएफ समजूनच चालावं.

त्याच वेळी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. छातीवर ११८ ठोके मोजले जातात आणि मनगटावर ९०. मोजण्यात कुणाची चूक झालेली नसते. दोन ठोक्यांमधलं अंतर फार कमी पडलं की हृदयाच्या खालच्या कप्प्याला रक्ताने भरायला वेळच मिळत नाही. तो आकुंचन पावतो, पण मनगटापर्यंत लाट पोचेल इतकं रक्त बाहेर पडत नाही. म्हणूनच बोटाला लावायचं ऑक्सिमीटर किंवा मनगटावरचं घड्याळ एएफमध्ये गती कमी दाखवू शकतं आणि गती कमी करणाऱ्या गोळीचा डोस ठरवताना आम्ही त्या आकड्यावर विसंबत नाही. रक्तदाबाच्या आपोआप फुगणाऱ्या यंत्राचंही तसंच. दाब ठोक्यागणिक बदलत असतो, तेव्हा एका रीडिंगवर काही ठरवू नये. मिनिटभराच्या अंतराने तीन घ्यावीत आणि सरासरी धरावी.

पुढची पायरी ईसीजीची. नेहमीची पट्टी १० सेकंदांची असते, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. बघायच्या गोष्टी दोनच. प्रत्येक उंच सुळक्याआधी यायला हवी ती छोटी पी लहर आहे का, आणि सुळक्यांमधली अंतरं सारखी आहेत का. एएफमध्ये पी लहर नसते. तिच्या जागी बारीक थरथर असते, ती छातीवरच्या व्ही१ या लीडमध्ये बहुधा सगळ्यात नीट दिसते. गती काढायला ३०० भागिले दोन सुळक्यांमधले मोठे चौकोन ही रीत इथे फसते, कारण कोणती दोन अंतरं धरायची हाच प्रश्न असतो. पट्टीवरचे सगळे सुळके मोजून ६ ने गुणावं.

मशीनने वर छापलेल्या निदानावर भिस्त ठेवू नये. हात थरथरत असेल, चिकटपट्टी सैल असेल तर पी लहर झाकली जाते आणि मशीन एएफ छापून मोकळं होतं. उलटही घडतं. सुळके अगदी घड्याळासारखे १५० च्या गतीने येत असतील तर तो एट्रियल फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यांची ठरावीक लयीतली अतिवेगवान धडधड, असण्याची शक्यता आधी पाहायची, मशीन त्याला साधी वाढलेली गती म्हणत असलं तरी. आणि ज्याला एएफ असल्याचं पूर्वीपासून माहीत आहे, जो डिगॉक्सिन हे गती कमी करणारं औषध घेतोय, त्याची नाडी अचानक संथ आणि एकसारखी झाली तर ती सुधारणा समजून घरी पाठवू नये. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला रस्ता पूर्ण बंद पडला असेल, किंवा डिगॉक्सिन अंगात जास्त झालं असेल.

घड्याळाने ‘लय अनियमित आहे’ असा इशारा दिला तर तो इशाराच. आतला हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताच्या लाटा मोजतो, हृदयाची वीज मोजत नाही. निदान मांडायला दवाखान्यातला नेहमीचा पूर्ण ईसीजी किंवा एका लीडची किमान ३० सेकंदांची पट्टी हवी आणि ती माणसाने डोळ्यांनी वाचलेली हवी. घड्याळातच ईसीजीची सोय असेल तर धडधड सुरू असताना दोन्ही हात टेबलावर टेकवून, न बोलता पट्टी काढावी आणि जपून ठेवावी. दवाखान्यात पोचेपर्यंत एएफ गेलेला असतो आणि तिथला ईसीजी स्वच्छ येतो, हे फार वेळा होतं. मग २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावतात. झटके महिन्यातून एकदा येत असतील तर २४ तासांत ते सापडणं नशिबाचा भाग. अशा वेळी जास्त दिवसांचा पॅच, किंवा त्वचेखाली बसवायचा छोटा लूप रेकॉर्डर. तो वर्षानुवर्षं नोंद ठेवतो.

आत काय चाललेलं असतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचा सगळा उपचार त्यावर उभा आहे. निरोगी हृदयात उजव्या वरच्या कप्प्यातली सायनस गाठ ठोक्याची ठिणगी टाकते. एएफमध्ये वरच्या दोन्ही कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत लाटा फिरत असतात. कप्पा आकुंचन पावतच नाही, नुसता थरथरतो. या सगळ्या लाटा खाली पोचल्या तर माणूस क्षणात कोसळेल. मधली एव्ही गाठ चाळणीसारखी उभी असते आणि त्यातल्या १०० ते १६० खाली सोडते, त्याही कशाही अंतराने. या चाळणीला वळसा घालून जाणारी जन्मजात वाट ज्यांच्या हृदयात असते, त्यांना एएफ झाला तर खालची गती २०० च्या पुढे जाऊ शकते. ईसीजीवर सुळके रुंद, वेडेवाकडे आणि अतिवेगवान दिसतात. अशा माणसाला व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन देणं जिवावर बेतू शकतं, कारण चाळणी बंद होते आणि आडवाट मोकळी राहते.

ठिणगी कुठून पडते याचा उलगडा १९९८ साली बोर्दोच्या मिशेल आयसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. फुप्फुसांतून डाव्या वरच्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या चार शिरांच्या तोंडाशी हृदयाच्या स्नायूच्या बाह्या शिरलेल्या असतात. बहुतेक वेडे ठोके तिथून सुटतात. त्याआधी १९९५ मध्ये मास्ट्रिक्टला बकऱ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की एएफ मुद्दाम चालू ठेवला तर तो दिवसागणिक जास्त टिकतो. आज पाच मिनिटांत जाणारा झटका पुढे तासभर रेंगाळतो, मग दिवसभर. सात दिवसांच्या आत जाणाऱ्याला पॅरॉक्सिस्मल म्हणतात, त्यापुढे टिकला तर परसिस्टंट, वर्ष उलटलं तर दीर्घकालीन परसिस्टंट. ही नावं घोकायची नाहीत. ताल परत आणायचा असेल तर उशीर महागात पडतो, एवढं त्यातून घ्यायचं.

हृदयाचं नुकसान तीन वाटांनी होतं. वरचा कप्पा शेवटच्या क्षणी जो जोर लावून रक्त खाली ढकलतो, तो जातो. खालचा कप्पा भरण्यात त्याचा वाटा साधारण २० ते ३० टक्के असतो. ज्यांचा खालचा कप्पा रक्तदाबाने जाड आणि ताठ झालेला असतो, त्यांना हा तोटा जिना चढताना लगेच कळतो. दुसरी वाट वेगाची. आठवडेच्या आठवडे १३० च्या गतीने धावलेला खालचा कप्पा थकतो, फुगतो आणि त्याचा पंप मंदावतो. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे खालचा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी जितके टक्के बाहेर टाकतो ते, ६० वरून ३५ वर आलेलं आम्ही एकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, पाहतो, आणि गती आवाक्यात आणल्यावर काही महिन्यांत तेच पुन्हा वर चढलेलंही पाहतो. हा तोटा बहुधा भरून निघतो. पंपाच्या ताकदीची औषधं देऊन गती मात्र तशीच ठेवली, तर निघत नाही.

तिसरी वाट गुठळीची, आणि तिचा धडधडीशी काही संबंध नाही. डाव्या वरच्या कप्प्याला एका बाजूला बोटभर लांबीची, आत झालरी असलेली एक आंधळी पिशवी असते. वरच्या कप्प्याला कर्णिका म्हणतात, त्या शब्दातच कान आहे, आणि ही पिशवी खरोखरच कानासारखी लोंबते. कप्पा नीट आकुंचन पावत असेल तर प्रत्येक ठोक्याला ती रिकामी होते. थरथरत्या कप्प्यात तिच्यातलं रक्त साचून राहतं. झडपेचा मोठा आजार नसलेल्या एएफमध्ये ज्या गुठळ्या सापडतात, त्यांतल्या सुमारे ९० टक्के या पिशवीत असतात. तिथून सुटलेली गुठळी महाधमनीत येते आणि बऱ्याचदा सरळ मेंदूकडे जाते. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि असा पक्षाघात मोठा असतो, कारण गुठळीही मोठी असते.

एएफच्या वाटेवर माणसं सर्वात जास्त चुकतात ती इथेच. धडधड थांबली की रक्त पातळ करणारी गोळी थांबते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अफर्म या ४०६० रुग्णांच्या अभ्यासात नुसती गती सांभाळणारे आणि ताल परत आणणारे, असे दोन गट होते. पक्षाघात दोन्हीकडे झाले आणि बहुतांश अशांना झाले, ज्यांचं वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी जुनी गोळी, बंद केलेलं होतं किंवा ज्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, कमी पडत होता. ताल परत आला म्हणून पिशवी सुरक्षित झाली, असं होत नाही. न जाणवणारे झटके येत राहतात, आणि ज्या रक्तदाबाने, मधुमेहाने, वयाने हा कप्पा बिघडवला ते सगळे तिथेच असतात.

गोळी लागणार की नाही हे गुणांवर ठरतं. हृदय निकामी होत असेल तर १, रक्तदाब १, मधुमेह १, हृदयाच्या किंवा पायाच्या धमन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ च्या पुढे २, पूर्वी पक्षाघात किंवा थोड्या वेळात ओसरलेला पक्षाघातासारखा झटका येऊन गेला असेल तर २. आधी बाईमाणसाला आणखी १ गुण धरत. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो वगळला. त्या पद्धतीत २ किंवा जास्त गुण असतील तर गोळी द्यावी, १ असेल तर बोलून ठरवावं. या यादीत धडधड किती वेळ चालते, किती वेळा येते, दम लागतो का, यांपैकी काहीही नाही. रुग्णांना आम्ही हे कागदावर मांडून दाखवतो. ऐकून पटत नाही, यादी डोळ्यांनी पाहिली की पटतं.

दोन आजारांत ही बेरीज करायचीच नसते. संधिवाताच्या तापाने डाव्या बाजूची मायट्रल झडप बरीच अरुंद झालेली असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर गुण काहीही असोत, गोळी लागतेच आणि ती वॉरफरिनचीच. नव्या गोळ्या तिथे चालत नाहीत. अरुंद झडपेसाठी आयएनआर २ ते ३ च्या मध्ये राहायला हवा, धातूच्या झडपेला तिच्या जागेप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे बहुधा त्याहून थोडा जास्त. वॉरफरिन घेणाऱ्याला पालेभाजी बंद करायला सांगणं चूक. रोज सारख्याच प्रमाणात खावी, म्हणजे डोस तिच्याशी जुळतो. एक आठवडा अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात ताट भरून, याने आयएनआर हेलकावे खातो.

बाकीच्यांना नव्या चारपैकी एक गोळी: एपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डाबिगाट्रान किंवा एडोक्साबॅन. यांना आयएनआर तपासावा लागत नाही. पण अंगातला त्यांचा अंमल दिवसभरात ओसरतो. वॉरफरिनचा एक डोस चुकला तर दोन दिवस तग धरता येतो, इथे नाही. बारीकसारीक गोष्टी इथेच बिघडतात. रिव्हरोक्साबॅनची २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटी घ्यायची. उपाशीपोटी ती पुरती शोषलीच जात नाही. डाबिगाट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात कालवायची नाही, कारण तशी घेतली तर रक्तात फार जास्त उतरते. आठवड्याच्या खणांच्या डबीत काढूनही ठेवायची नाही, ती दमटपणाने खराब होते. मूळ पॅकमधूनच घ्यावी, पेलाभर पाण्याबरोबर, बसून. आडवं होऊन घोटभर पाण्याने घेतली तर अन्ननलिकेत चिकटून जळजळते. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी विसरली तर ६ तासांपर्यंत घेता येते, एकदाची असेल तर १२ तासांपर्यंत. त्यापुढे तो डोस सोडून द्यावा, दोन एकदम घेऊ नयेत.

गुडघा दुखतो म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्या मनाने घेऊ नये, रक्तस्राव वाढतो. दुखण्याला पॅरासिटामॉल. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन, फिट्सवरचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधं नव्या गोळ्यांचा असर उतरवतात, त्यामुळे ती सुरू होताना हृदयाच्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे. अ‍ॅस्पिरिन हा या गोळीला पर्याय नाही. पिशवीतल्या गुठळीवर ती फारशी काम करत नाही आणि रक्तस्राव मात्र करते. साधा दात काढायचा असेल तर बहुतेकदा गोळी दिवसेंदिवस बंद ठेवावी लागत नाही. दातांच्या डॉक्टरांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी बोलून वेळ ठरवावी.

गती आवाक्यात आणणं हे काम त्या मानाने सरळ. मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर, नाहीतर डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल. पंप कमजोर असेल तर शेवटची दोन टाळायची. विश्रांतीत ११० च्या आत गती राहिली तर बहुतेकांना सुरुवातीला तेवढं पुरतं. दम लागतच राहिला किंवा पंप उतरायला लागला तर आणखी खाली आणायची. थायरॉइडची टीएसएच, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि टूडी एको या तपासण्या पहिल्याच भेटीत व्हायला हव्यात. वाढलेल्या थायरॉइडने आणलेला एएफ थायरॉइड ताळ्यावर आल्याशिवाय कायमचा जात नाही.

ताल परत आणायचं ठरलं की शॉकची वेळ येते. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये हृदयाच्या विजेशी वेळ जुळवून डीसी शॉक देण्याची पद्धत मांडली, तीच आज वापरतात. पण शॉकच्या दिवसाची तयारी तीन आठवडे आधी सुरू होते. रक्त पातळ करणारी गोळी सलग तीन आठवडे, एकही डोस न चुकता. इथे ‘साधारण घेतल्या’ हे उत्तर चालत नाही. एक डोस चुकला असेल तर सांगून टाकावं. त्यावर कुणी रागावत नाही, फक्त वाट बदलते. तीन आठवडे थांबायला वेळ नसेल, किंवा डोसांबद्दल शंका असेल, तर शॉकआधी अन्ननलिकेतून एको करतात. त्याला टीईई म्हणतात.

टीईईला सहा तास उपाशी राहावं लागतं. कवळी काढून ठेवायची. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर वळवतात, दातांमध्ये प्लास्टिकची कडी देतात आणि बोटाएवढी जाड नळी घशातून आत सरकवतात. हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्यासारखं केलं की नळी सहज उतरते, मान मागे टाकली की अडते. अन्ननलिका डाव्या वरच्या कप्प्याला अगदी चिकटून जाते, म्हणून ती पिशवी पडद्यावर इतकी स्पष्ट दिसते. निरोगी पिशवीत काळं, स्वच्छ रक्त झपकन आत-बाहेर करतं. एएफमध्ये आत करडा धूर फिरताना दिसतो, उदबत्तीच्या धुरासारखा संथ, वळसे घेत. रक्ताच्या पेशी मंद प्रवाहात एकमेकींना चिकटू लागल्याची ती खूण. बाहेर पडणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या खाली असेल तर धोका जास्त. आणि धुराच्या तळाशी, झालरीच्या कोपऱ्यात कधीकधी एक घट्ट, पांढुरका गोळा डुलत असतो. तो दिसला की त्या दिवशी शॉक नाही. काही आठवडे गोळी चालू ठेवायची आणि पुन्हा बघायचं. नळी काढल्यावर घसा बधिर असेपर्यंत, म्हणजे एक-दोन तास, पाण्याचा घोटही घेऊ नये. तो श्वासनळीत जाऊ शकतो.

शॉकला प्रत्यक्षात पाच मिनिटंही लागत नाहीत. पोटॅशियमचा आकडा पाहिलेला असतो, शिरेत सुई असते, ऑक्सिजन लावलेला असतो. एक पॅड छातीवर आणि एक पाठीवर, म्हणजे वीज वरच्या कप्प्यांतून आरपार जाते. छातीवर दाट केस असतील तर तेवढी जागा साफ करतात, नाहीतर पॅड नीट चिकटत नाही आणि त्वचा भाजते. मग झोपेचं औषध. पापणीला हलकेच बोट लावून झोप लागल्याची खात्री करतात. मशीनवर ‘सिंक’चं बटण दाबलेलं असतं आणि पडद्यावर प्रत्येक सुळक्याच्या डोक्यावर एक खूण चमकत असते. ती खूण सुळक्यावरच पडतेय हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. शॉक चुकून सुळक्यामागच्या टी लहरीवर पडला तर खालचे कप्पे थरथरू लागतात, आणि तो थेट हृदय बंद पडण्याचा प्रसंग. २०० ज्यूल, सगळे बाजूला. बटण दाबून धरावं लागतं, कारण मशीन योग्य क्षणाची वाट पाहतं. अंगाला एक झटका बसतो, खांदे उचलले जातात. पडद्यावर रेघ एक-दोन सेकंद सपाट राहते. मग एक पी लहर, एक सुळका. पुन्हा पी, पुन्हा सुळका, सारख्या अंतराने. दुसरा शॉक लागलाच तर ‘सिंक’ पुन्हा दाबायचं. बरीच मशीन एका शॉकनंतर ते आपोआप काढून टाकतात.

माणूस जागा होतो तेव्हा बहुतेकदा शॉक अजून व्हायचाय असंच त्याला वाटतं. छातीवर उन्हाने भाजल्यासारखी लाली राहते, मलमाने एक-दोन दिवसांत जाते. २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही.

नाडी आता सरळ असते, माणूस हलका झालेला असतो, आणि नेमका हाच काळ सगळ्यात सावध राहण्याचा. वीज सुरळीत झाली तरी वरच्या कप्प्याचा स्नायू लगेच कामाला लागत नाही. तो काही दिवस, कधी काही आठवडे सुन्न राहतो. ईसीजीवर पी लहर दिसते, पण पिशवी अजून रिकामी होत नसते. या दिवसांत नवी गुठळी धरू शकते आणि स्नायूला जोर आला की ती बाहेर फेकली जाते. म्हणून शॉकनंतर किमान चार आठवडे गोळी सगळ्यांना. चार आठवड्यांनंतरचा निर्णय पुन्हा त्याच गुणांच्या कागदावर, नाडीवर नाही.

ताल टिकवायला गोळ्या आहेत, पण प्रत्येकीची एक अट आहे. फ्लेकेनाइड हृदयाच्या धमन्यांचा आजार किंवा कमजोर पंप असलेल्यांना देत नाहीत, आणि देताना बहुधा बीटा ब्लॉकर जोडतात. अमियोडारोन सगळ्यात परिणामकारक, पण थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि वॉरफरिनवर असलेल्याचा आयएनआर ते वाढवतं.

गोळ्यांनी भागलं नाही किंवा नको असतील तर एब्लेशन. २०२० मध्ये आलेल्या ईस्ट या अभ्यासाने दाखवलं की निदानानंतर वर्षभराच्या आत ताल सांभाळायला घेतला तर हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, पक्षाघात आणि हृदयाच्या दुखण्यासाठी भरती होणं, या सगळ्यांची मिळून संख्या घटते. त्यामुळे आता ‘आधी सगळी औषधं संपू द्या’ असं म्हणत बसत नाहीत. जांघेतल्या शिरेतून तारा उजव्या कप्प्यात नेतात, मधल्या पडद्याला सुईने भोक पाडून डावीकडे जातात आणि फुप्फुसांच्या शिरांच्या तोंडाभोवती डाग देत गोल कडं पूर्ण करतात. उष्णतेने, गोठवून, किंवा विजेच्या क्षणार्धाच्या झटक्यांनी. कड्यात फट राहिली की ठिणगी पुन्हा बाहेर येते, दुसऱ्यांदा एब्लेशन लागण्याचं ते नेहमीचं कारण. पहिल्या दोन-तीन महिन्यांत झटके आले तर ते अपयश धरत नाहीत, डागलेला स्नायू अजून सुजलेला असतो.

जांघेत निळं-काळं होणं सामान्य. पण एब्लेशननंतर साधारण आठ आठवड्यांपर्यंत ताप आला, गिळताना छातीत दुखलं, किंवा बोलणं अडखळलं, तर ज्यांनी एब्लेशन केलं त्यांनाच तातडीने गाठावं. कप्प्याच्या मागे चिकटलेल्या अन्ननलिकेला इजा होऊन दोहोंमध्ये भोक पडणं दुर्मीळ आहे, पण जीवघेणं. अशा वेळी गिळायला त्रास होतो म्हणून कुणी एंडोस्कोपी करायला घेतली तर थांबवावं. दुर्बिणीतून फुंकलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि मेंदूत जाते. आधी छातीचा सीटी स्कॅन.

वजनाचं काम डॉक्टर करू शकत नाहीत, पण त्याचा असर गोळ्यांइतका खरा आहे. अ‍ॅडलेडच्या २०१५ मधल्या अभ्यासात १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवणाऱ्यांना झटक्यांपासून मुक्त राहण्याची शक्यता सहापट होती. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी. दारू बंद केल्याने झटके कमी होतात, तेही चाचणीने सिद्ध झालंय.

वर्षाच्या तपासणीला येताना तीन आकडे सोबत हवेत: वय, वजन आणि ताजं क्रिएटिनिन. त्यांवरून मूत्रपिंडं किती काम करतात ते काढतात आणि गोळीचा डोस जुळवतात. १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं. ७८ वर्षांचा, ५८ किलोचा, १.४ क्रिएटिनिन असलेला पुरुष घ्या. उत्तर साधारण ३६ येतं. रिव्हरोक्साबॅन असेल तर २० ऐवजी १५ मिलिग्रॅम. एपिक्साबॅन मात्र ५ मिलिग्रॅम दोनदाच, कारण तिचा डोस अर्धा करायला वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन अटी लागतात आणि याच्यात एकच बसते. वय झालंय म्हणून अंदाजाने अर्धी गोळी दिली तर पिशवीला अर्धंच संरक्षण मिळतं. दोन वर्षांनी तो ८० चा होईल, वजन तेवढंच असेल, तेव्हा मात्र २.५ मिलिग्रॅम दोनदा लिहून द्यायचं, त्या दिवशीची नाडी कितीही सरळ असली तरी.